मुठीतला गाळ

सोलापुरात नोकरीला आलो आणि शहरातलं तळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. ह्या डबक्याला हे लोक तलाव म्हणत होते. एका बाजूला पायऱ्या, पायऱ्यांवर धुणं बडवणाऱ्या बायका, पलीकडे कमळाच्या पानांची दाटी आणि मधे हिरवं पाणी. त्यात हात बुडवला तर बोटं दिसायची नाहीत. मी मोहोळकडचा. आमच्या मळ्यातल्या विहिरीत तीन पुरुष पाणी असायचं आणि उन्हाळ्यात तिचा तळ वरून स्वच्छ दिसायचा. तिच्या काठावरून मुटके मारत मी वाढलो होतो. असल्या पाण्यात उतरणं म्हणजे मला स्वतःचा अपमान वाटायचा. तरी रोज सकाळी जायचो, कारण खोलीवरच्या नळाला अर्धा तास पाणी यायचं आणि ते भांडणातच संपायचं.

सकाळी तिथं पोहणाऱ्यांचं एक मंडळ जमायचं. एक वकील, एक बँकेतले साहेब, कॉलेजातले एक प्राध्यापक आणि त्यांच्या मागून फिरणारे आणखी पाच-सहा जण. अंगाला तेल चोपडलेलं, पोटं पुढे. उतरण्याआधी अर्धा तास श्वासाचे प्रकार व्हायचे. उतरल्यावर पायरीपासून दहा हातांवर एक चक्कर मारायची की झालं. मग टॉवेल गुंडाळून पोहण्यावर चर्चा. चर्चा मात्र पोहण्याच्या तिप्पट चालायची. ह्या माणसांबद्दल तेव्हा मला जे वाटायचं ते आजही वाटतं. पाण्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं, पोहणारे म्हणून मिरवायला मिळालं की पुरे.

आणि एक म्हातारा यायचा. हातमागावरचा विणकर. घरी तेलुगू बोलणारा, आमच्याशी बेताची मराठी. तो कधी उडी मारायचा नाही. पायरीला पाठ लावून, घसरत, आवाज न करता पाण्यात शिरायचा. पाय वर ठेवून पोटावर जायचा आणि गेला त्याच वाटेनं परत यायचा. असलं चोरटं पोहणं आमच्या गावात कुणी पाहिलं असतं तर त्याला चावडीपर्यंत चिडवत नेलं असतं.

पहिल्याच आठवड्यात मी वरच्या पायरीवरून सूर मारला तेव्हा तो माझ्याजवळ आला.

"साहेब, हितं तळाला पाय लावू नका."

"का हो मामा? खाली कुणी झोपलंय का?"

तो हसला नाही. "दुष्काळात तळं आटलं होतं की. माग बंद होते, तवा आमी हितंच गाळ उपसायच्या कामावर होतो. पायऱ्यांच्या पुढं खड्डे खणले, लई खोल. मागनं पाणी आलं, खड्डे गाळानं भरले. वरनं कायबी कळत न्हाय. पाय लावला की आत जातंय. अडकला तर लाथा मारू नका. आडवं व्हा. आडवं झालं की गाळ सोडतोय."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, आता हा विणकर मला पोहायला शिकवणार! ते मी वकिलांना रंगवून सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या सकाळी मीही त्यांच्या मंडळातला झालो होतो. ते माझ्या ध्यानात आलं नाही, एवढंच.

वर्षभरानं मंडळानं ठरवलं की तळ्यावर पोहण्याचा वर्ग काढायचा आणि पगारी शिक्षक नेमायचा. मी तेव्हा कचेरीत आवक-जावक लिहीत होतो. तिथले जुने कारकून माझ्या 'हाय-न्हाय'ची नक्कल करून चहाच्या वेळची करमणूक करायचे. त्या खुर्चीतून सुटायला मी काहीही केलं असतं, आणि केलंही.

उमेदवार दोघंच होतो. निवडीच्या सकाळी मंडळाचे अध्यक्ष घाटावर खुर्ची टाकून बसले. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, म्हणूनच बहुधा अध्यक्ष केलं होतं. दुसऱ्या उमेदवारानं चार तऱ्हांचं पोहणं शिस्तीत करून दाखवलं. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. मी ठरवलं, आमच्या गावची परीक्षा द्यायची. विहिरीत बुडी मारायची, तळाची मूठभर माती घ्यायची, तळाला दोन्ही पाय मारायचे आणि त्या जोरावर वर यायचं. माती दाखवल्याशिवाय आमच्याकडे कुणाला पोहणारा म्हणत नसत.

पायऱ्यांपासून वीस-पंचवीस हातांवर जाऊन मी बुडी मारली. खाली काळोख. हाताला मऊ लागलं, मूठ भरून घेतली. अंग फिरवलं आणि सवयीनं दोन्ही पाय जोरात मारले. विहिरीचा तळ माणसाला वर लोटतो. इथं तळच नव्हता. गुडघ्यापर्यंत आत गेलो. घाबरून लाथा मारल्या, तसा मांड्यांपर्यंत रुतलो. मोकळ्या हातानं कमळाचे देठ धरले, ते तुटून आले. त्या वेळी मला ना आई आठवली ना देव. म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं आणि त्याचा संताप आला.

तेवढ्यात काखेखाली कुणाचा तरी हात शिरला. त्यानं मला वर ओढलं नाही, एका कुशीवर आडवं पाडलं. एक पाय सुटला, मग दुसरा. ते कळल्याबरोबर मी काय केलं? त्याच्या मानेला मिठी मारली, त्याला खाली दाबलं आणि त्याच्या खांद्यावर पाय मारून वर आलो. विहिरीच्या तळाला मारतात तसा.

त्याचा दंड मी सोडला नव्हता, कारण एकट्याला पायरी गाठायचा धीर मला नव्हता. काठावरून मात्र तरणाबांड माणूस म्हाताऱ्याला दंडाला धरून आणताना दिसला. पायरीवर पोचल्यावर म्हातारा पालथा पडून पाणी ओकायला लागला. मी उभा होतो.

"शाब्बास!" अध्यक्ष खुर्चीतून उठले. "म्हाताऱ्याला वाचवलं!"

वकिलांनी माझी मिटलेली मूठ पाहिली आणि एकेक बोट उघडलं. आत काळा गाळ होता. "आणि वर मातीसुद्धा आणली!" टाळ्या पडल्या. प्राध्यापकांनी माझी पाठ थोपटली.

एक वाक्य पुरलं असतं. 'त्यानं मला वाचवलं', बस. मी खोकत होतो हे खरं, पण बोलता येत नव्हतं हे खोटं. म्हाताऱ्यानं मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं आणि पुढच्या महिन्यात शिक्षक झालो.

मंडळानं माझ्या शौर्यापासून लगेच धडा घेतला. घाटावर पाटी लागली: 'साठ वर्षांवरील व्यक्तींनी पाण्यात उतरू नये.' पोटं पुढे आलेले सगळे साठीच्या आतले होते, म्हणून कुणाची हरकत आली नाही.

वर्गाच्या पहिल्या दिवशी तो आला. खांद्यावर पंचा. पाटी त्याला वाचता येत नव्हती, पण कुणीतरी सांगितलं असावं, कारण तो सरळ माझ्याकडे आला.

"साहेब, उतरू का?"

मी पाटीकडे बोट केलं. "नियम हाय, मामा." भीतीपोटी माझ्या तोंडून गावचं 'हाय' निघून गेलं.

नियमाचं मला काडीचं पडलं नव्हतं. पण शिकायला आलेल्या वीस जणांनी त्याला एकदा पाण्यात पाहिलं असतं, तर ह्या माणसाला कुणी वाचवलं असेल हे त्यांच्यातल्या एकालाही पटलं नसतं.

तो म्हणाला, "बरं. ह्यांना तळाचं सांगा तेवढं. आडवं व्हायचं म्हणून." आणि पंचा सारखा करत पायऱ्या चढून गेला. तळ्यावर तो पुन्हा कधी दिसला नाही.

मी शिट्टी वाजवली, सगळ्यांना पायरीवर बसवलं आणि सांगितलं: ह्या तळ्यात तळाला पाय लावायचा नाही. अडकलात तर लाथा मारायच्या नाहीत, आडवं व्हायचं.

पुढच्या पायरीवरच्या एकानं विचारलं, "सर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "अनुभव."

पुढं अकरा वर्षं मी तिथं शिकवलं. दर वर्षी कुणीतरी हे विचारायचंच, आणि दर वर्षी मी हेच उत्तर दिलं.