कानबाईचा तांब्या आणि पूनमची पुडी

ऐका, पण मधेच हसायचं नाही. माझा राग अजून उतरलेला नाही.

कानबाई देवीचा सण दुसऱ्या दिवसावर आलेला. घर कसं लख्ख पाहिजे! मी पूजेचा तांब्या नि चिंच घेऊन मोरीत बसले, तर घासणी जागेवर नाही. सुनेला हाका मारून घसा बसला. ती नैवेद्याच्या रोटांचं दळण घेऊन गिरणीत गेलेली. तेवढ्यात खिडकीत कागदाची पुडी दिसली. आत तपकिरी, केसाळ गोळा. म्हटलं, बरं झालं, सुनेनं नवी घासणी आणली.

कसली घासणी हो! दोन हात मारले की भुगा. तांब्या होता तसाच काळा. उरलेला तुकडा मुठीत धरला नि तरातरा सुपडूभाऊच्या दुकानात गेले. असला माल गळ्यात मारतो, लाज नाही का, म्हणून चार गिऱ्हाइकांसमोर त्याला झाडला.

तो मुठीत वाकून बघतो नि थंडपणे म्हणतो, "अक्का, हाई घासनी मन्हा दुकाननी नही शे."

"मंग काय आभायमातीन पडनी?"

पेलाभर पाणी मागितलं. त्यात तुकडा टाकला, म्हटलं बघा सगळ्यांनी, कशी विरघळते ती! बिचाऱ्यानं कटकट नको म्हणून तारेची नवी घासणी फुकट हातात ठेवली. मी म्हटलं, आता कसं!

तर माझी नात पूनम रिकामी पुडी घेऊन मला शोधत धावत आली. अमळनेरला कॉलेजात झाडापाल्याचं शिकते. चेहरा रडवेला.

"आजी, ते शेवाळ आहे! सातपुड्यातून आणलं होतं, झाडाच्या सालीवरचं. सोमवारी परीक्षेत नाही दाखवलं तर मी नापास!"

मी तिच्यावरही उखडले. शेवाळ मला शिकवते? ते हिरवं असतं, विहिरीच्या पायरीवर असतं, माणसाला पाडतं. झाडावर काय काम त्याचं? आणि हे तर मेलेलं!

"मेलेलं नाही, वाळलेलं. जंगलात पाऊस थांबला की असंच होऊन बसतं. पाणी मिळालं की..."

सगळ्यांनी पेल्यात पाहिलं. तुकडा हिरवागार! पोपटासारखा! माझं तोंड मात्र काळं.

एवढा पुरेल म्हणत पूनम पेल्यासकट तो घेऊन गेली. मी गुमान फुकटची घासणी सुपडूभाऊपुढे ठेवली.

त्यानं ती परत माझ्याकडे सरकवली. "ऱ्हाऊ द्या, अक्का. घर जाईसन पानी टाकी दखा, हिरवी व्हस का ती!"