नंदीच्या डोळ्यांवरचा गॉगल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. ती अजून नाचणगावात, आमच्या जुन्याच घरात राहते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं — हैदराबादहून आल्यापासून कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी चित्रकार आहे. नालवाडीला माझी एक खोली आहे, तिलाच आता लोक स्टुडिओ म्हणतात. माझी चित्रं कदाचित मोबाइलवर पाहिली असतील तुम्ही. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, चाकांसकट — आणि त्याच्या अंगावर सिनेमाच्या पोस्टरवरची रडणारी नायिका, कार्टूनमधला उडता माणूस, मधल्या जागेत ठिपक्यांची रांगोळी. लोकांना आवडतं. ‘हे सुचलं कसं?’ असं विचारतात. आणि दुसरा प्रश्न हमखास — ‘एवढं सगळं आहे, मग बैलाला गॉगल का नाही? मजा येईल!’ मी हसते आणि विषय बदलते.

सुचलं कसं? मला सुचलंच नव्हतं. वैशालीला सुचलं होतं.

वैशाली आमच्या शेजारची. माझे बाबा सुतार, त्यामुळे पोळ्याच्या आधी आमचं अंगण लाकडी बैलांनी भरून जायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं तेच बैल दोरीने ओढत मिरवतात. रंगवायला आम्ही दोघी. मी शिंगं रंगवायचे, खूर रंगवायचे, सगळं नीटनेटकं. तिचा हात मात्र — कसं सांगू? रिकामी जागा दिसली की तिच्या हाताला खाज सुटायची. टीव्हीवरचं, बसस्टँडच्या पोस्टरवरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं, काय वाट्टेल ते ती बैलावर उतरवायची आणि ते तिथलंच वाटायचं. मी जळायचे तिच्यावर. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं भीतीपोटी घडलं असं तुम्हाला वाटायला नको.

आम्ही नववीत होतो. गावच्या देवळाचा एक मानाचा लाकडी बैल आहे, त्याला सगळे नंदीच म्हणतात. तान्ह्या पोळ्याच्या रांगेत तो पहिला उभा राहतो आणि बायका त्याला ओवाळतात. तो दरवर्षी बाबाच रंगवायचे, पण त्या वर्षी ते तापाने पडून होते. म्हणाले, तुम्ही दोघी करा, पण जपून. आम्ही जपून कुठलं करतोय! नायिका आली, उडता माणूस आला, रांगोळी आली, आणि शेवटी डोळ्यांवर काळाकुळकुळीत गॉगल. पोट धरून हसलो आम्ही. पोतं टाकून बैल देवळात पोचवला. बाबांना दाखवलाही नाही.

पोतं निघालं तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. क्षणभर वाटलं, जिंकलो. मग एक म्हातारी ताट घेऊन पुढे आली, ओवाळायला हात उचलला आणि तशीच थांबली.

“डोयेच झाकले वं देवाचे!”

शिट्ट्या बंद झाल्या. माणसं पुढे सरकली. कुणीतरी बाबांना अंथरुणातून उठवून आणलं. अंगात ताप, खांद्यावर पांघरूण, आणि ते हात जोडून उभे. “कोनं केलं हे?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. नायिकेबद्दल कुणी विचारलं नाही हो, उडत्या माणसाबद्दलही नाही. सगळ्यांची बोटं त्या गॉगलवर.

आणि माझं बोट वैशालीवर. “हिनं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईने सगळ्यांच्या पाया पडून माफी मागितली. तिथल्या तिथे चुना आणवला आणि वैशालीला स्वतःच्या हाताने तो बैल पांढरा करायला लावला. सगळं गाव बघत होतं. मीही बघत होते. नायिकेच्या तोंडावर चुना फासताना तिचा हात थांबला होता, ते मला अजून दिसतं. त्यानंतर ती आमच्या अंगणात आली नाही. तिने ब्रश पुन्हा हातात धरला नाही.

आता खरं ते बोलते. गॉगल मी काढला होता. तिने एवढं काढलं आणि माझं काहीच नाही, या जळफळाटात मी तो शेवटी काढला. त्या आख्ख्या बैलावर माझं असं तेवढंच होतं. जे माझं होतं ते मी तिच्या माथी मारलं — आणि जे तिचं होतं, त्यावर आज माझी सही आहे.

हैदराबादला प्रदर्शनासाठी निघाले होते. वाटेत हायवेवर जाम गावच्या चौकात ड्रायव्हरने चहाला गाडी थांबवली. टपरीवर वैशाली, शेजारी कप विसळणारी तिची पोरगी. लग्न होऊन ती तिथे आली हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी एरवी त्या चौकात थांबत नाही. तिने लगेच ओळखलं. स्टूल पुसून दिलं.

“तुही मुलाखत पायली मी मोबाइलवर,” म्हणाली. “पोरीले बी दाखोली.”

मुलाखतीत काय बोलले होते मी? लहानपणी मानाचा बैल मी असा रंगवला होता, असं. मी हातातला कप खाली ठेवला. आता बोलेल, पोरीसमोर बोलेल, ड्रायव्हरसमोर बोलेल. तिने गाळणी झटकली.

“पन खरं सांगू काय? गॉगल तेवढा मस्त जमलता तुले.”

एवढंच. चिडून नाही, टोमणाही नाही. आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी चहा संपवला आणि गाडीत जाऊन बसले.

हैदराबादला उद्घाटनाच्या वेळी एका मुलीने माइक पुढे केला. ‘हे सगळं सुचलं कसं?’

मी सांगितलं, लहानपणी एक बैल रंगवला होता मी.