दगड हलवणारी सून

माझी सून माशांच्या टाक्या साफ करते. दवाखाने, ऑफिसं, एखाददुसरा हौशी बंगला. लग्न ठरलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, ते इथेच कबूल करून टाकते. खांद्यावर पाइपाची गुंडाळी, हातात दोन बादल्या, कोपरापर्यंत ओल्या बाह्या. अशी सून कुणाला मिरवावीशी वाटेल? आता मी येईल त्याला पकडून तिचं कौतुक ऐकवते आणि लोक मला टाळतात.

तिचं काम मी नीट पाहिलं ते डोळ्यांच्या दवाखान्यात. माझा मोतीबिंदू दाखवायचा होता आणि तिथली टाकी तिच्याकडेच होती. त्या टाकीत एक काळपट निळा मासा होता. डॉक्टर त्याला ठेकेदार म्हणायचे. मोठ्या दगडामागचा कोपरा त्याचा. तिथे कुणी फिरकलं की हा अंगावर धावायचा. मागे एकदा सुनेने चार नवे मासे आणून सरळ सोडले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या शेपट्यांच्या चिंध्या झाल्या. दोन तर मेलेच. चूक आपलीच, असं म्हणत ती दोन दिवस धड जेवली नव्हती. डॉक्टर म्हणाले, हा मासाच कुणाला तरी देऊन टाका. तिने ऐकलं नाही.

या वेळी तिने आधी ठेकेदारालाच उचललं. भोकं असलेल्या डब्यात घालून तो डबा टाकीतच एका कडेला अडकवला. मग दगड हलवले, मडकं आडवं केलं, या टोकाची झाडं त्या टोकाला लावली. नवे मासे सोडून दिवा बंद केला. ठेकेदाराला चार दिवसांनी सोडायचं, तेही सगळ्यांची पोटं भरल्यावर, असं तिने मला सांगितलं. सोडायच्या दिवशी मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले. स्वारी बाहेर आली आणि आपला कोपरा शोधत फिरत राहिली. कोपराच नाही, तर भांडणार कशावरून? शेवटी नव्या माशांशेजारी मडक्यापाशी गपगुमान थांबली. चांगली जिरली मेल्याची, असं म्हणून मी पोटभर हसले.

पुढच्याच आठवड्यात विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, बाथरूममध्ये घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्या एकट्या राहायच्या. त्यांना आमच्याकडे आणायचं ठरलं. आदल्या वर्षी आल्या होत्या, त्या तिसऱ्याच दिवशी परत गेल्या होत्या. मी त्यांना एक शब्द बोलले नव्हते. फक्त त्यांनी हलवलेला प्रत्येक डबा पुन्हा जागेवर ठेवत होते, आणि त्या माझ्या खुर्चीत बसल्या की समोर उभी राहत होते. त्यांची बॅग तिन्ही दिवस दाराशी बंदच होती. या वेळी तसं झालं तर एका हाताने त्या काय करतील, हे मला कळत होतं. तरी मला त्या यायला नको होत्या.

सून म्हणाली, तुम्ही चार दिवस लेकीकडे जाऊन या. मी गेले. परत आले तर घर ओळखू येईना. माझी खुर्ची खिडकीतून हललेली, कपाट दुसऱ्या भिंतीला, आणि माझ्या खोलीत दोन पलंग समोरासमोर. चहा करायला गेले तर गाळणं सापडेना. ओट्यापाशी विहीणबाई उभ्या, हात गळ्यात अडकवलेला. त्याही गाळणंच शोधत होत्या. दोघींनी मिळून सगळे कप्पे उपसले. सापडलं मिक्सरच्या मागे, तेही त्यांनाच. चहा गाळता गाळता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार दिवस!

सून बादल्या घेऊन घरात शिरली तशी मी तिला गाठलं. "मला ठेकेदार समजलीस होय गं?"

तिने बादल्या खाली ठेवल्या. "आई, तो दुष्ट नाहीये हो. आपली जागा जाईल म्हणून घाबरतो. डॉक्टर सांगत होते तरी मी त्याला कुठे दिला का?"

मला खूप राग यायला हवा होता. आलं ते रडूच. या घरातून मला कुणी काढणार नाही, हे इतक्या वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

विहीणबाईंची बॅग या वेळीही दाराशी होती, बंद. मी ती ओढत आत नेली, पलंगावर ठेवली आणि कपाट उघडलं. खालचा कप्पा लग्न झाल्यापासून माझा. त्यातले कपडे मी वर टाकले.

"तुमचा हात वर जायचा नाही," मी विहीणबाईंना म्हटलं. "खालचा घ्या."