खापरपणजोबांचं पिस्तूल

नाना दाराची साखळी काढण्याआधी फटीतून माणसाला नीट न्याहाळायचे. मी त्यांचा भाडेकरू, वरच्याच मजल्यावर राहणारा. तरी रोज संध्याकाळी बँकेतून आलो की फटीत एक डोळा दिसायचा आणि प्रश्न यायचा, "अकेलेच आलात ना?" काशीतल्या बालाजी घाटाच्या त्या गल्लीत दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत, तिथे माझ्यामागे कोण लपणार होतं? दूधवाल्याने चांगलं दाट दूध घातलं तरी नानांच्या कपाळाला आठी पडायची. "आज इतकं गाढं? आतली बात काय आहे?"

त्यांच्या घरात चोरण्यासारखं एकच होतं. खापरपणजोबा शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आले तेव्हाचं, नळीच्या तोंडातून दारू ठासून उडवायचं पिस्तूल. ते वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला कपाटातून निघायचं. त्यासाठी नानांची थोरली बहीण, अक्का, ग्वाल्हेरहून यायच्या. पण पाटाला खेटून नाना पहारेकऱ्यासारखे बसायचे. अक्कांनीही कुंकू लांबूनच वाहायचं. "हात लागला की लोखंडाला जंग चढतो," हे नानांचं ठरलेलं उत्तर. अक्का हसून "बरं बाबा" म्हणायच्या.

मला संशय आला तो गच्चीवर. कपडे वाळत घालताना पायाखाली चेपलेले शिशाचे छर्रे सापडले. कॉलेजात मी एअर पिस्तूल चालवलेलं, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. सुटीच्या दिवशी दुपारी वरून अधूनमधून 'फट्' असा आवाज यायचा, नाना त्याला कबुतरं हाकलणं म्हणायचे. त्या खंडेनवमीला मी पाटाशी जरा वाकलो. नळीचं तोंड अंगठा जाईल एवढं, पण आत छर्‍यापुरतंच बारीक भोक. जुन्या ठासणीच्या पिस्तुलाचं रूप दिलेलं ते हौशी लोकांचं हवेचं पिस्तूल होतं. म्हाताऱ्याने खरं विकून खाल्लं, असं मी मनाशी पक्कं केलं.

नानांनी माझं वाकणं पाहिलं. मी चहाडी करणार याबद्दल त्यांची खात्रीच होती, म्हणून माझ्या आधी त्यांनीच अक्कांना सगळं सांगून टाकलं. वडील गेल्यावर त्यांनी एका मराठी यात्रेकरूला आपला माणूस म्हणून रात्री घरात ठेवून घेतलं होतं. सकाळी पाहुणाही नव्हता आणि पिस्तूलही. घरात कळू नये म्हणून दिल्लीच्या एका शौकिनाकडून हे मिळवलं, आणि पुढे त्याचाच नाद लागला.

अक्कांनी कुंकवाचा करंडा मिटून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पिस्तूल गेलं तर गेलं रे नाना. पण इतकी वर्षं तू मलाही चोरातच धरलंस."

पुढच्या नवरात्रात अक्का आल्या नाहीत. गुडघे दुखतात, असा फोन आला. नाना दिवसभर मला विचारत राहिले, "गुडघेच दुखत असतील ना? की आतली बात दुसरी आहे?" मला काय माहीत? पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

इथली वयस्क माणसं काशीबाहेर पाऊल टाकत नाहीत. मरण बाहेर आलं तर मोक्ष हुकेल, ही धास्ती. त्यापायी नानांनी सख्ख्या पुतण्याचं लग्न टाळलं होतं. तेच नाना दसरा होताच एक पिशवी घेऊन ग्वाल्हेरच्या गाडीत बसले. "गंगामाई समजून घेईल," म्हणाले, "अक्काचा भरोसा नाही."

ते परत आले नाहीत. काही दिवसांनी तिथेच हृदयविकाराने गेले. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्या ग्वाल्हेरला जाण्याचा अभिमानही वाटला.

अक्कांचा फोन आला. "रोज जेवताना विचारायचा, तू खरंच रागावली नाहीस ना? मी म्हणायची, नाही रे. मग घास तसाच हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. तुम्ही त्याला ओळखत होतात. पटलं असेल का हो त्याला?"

मी हो म्हणालो.

पलीकडून त्या हळूच म्हणाल्या, "नक्की ना?"