आकड्यापुढच्या दोन रेघा

ही वही कोणाच्या हाती लागलीच, तर माझ्या वाकड्या अक्षराला आणि चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घाला हसू नका. शाळा चौथीतच सुटली.

आमच्या चुलत भावोजींइतका हुशार माणूस अख्ख्या रत्नागिरीत झाला नाही, असं खुद्द भावोजीच सांगतात. मुंबईच्या कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन गावी आले आणि आमच्या बचत गटाचा हिशोब त्यांनी कोणी न सांगता वहीतून कॉम्प्युटरवर नेला. बेरीज चुकली की आधी खाऱ्या वाऱ्याला दोष, मग लाइटीला, शेवटी बायकांना. एकदा बेरजेच्या जागी नुसत्या #### अशा जाळ्या उमटल्या, तर ओल्या फडक्याने पडदा पुसत बसले. रकाना अरुंद झालाय, असं देवरूखच्या भाचीने फोनवर सांगितलं, तेव्हा म्हणाले, "मला ठाऊक होतं, तुमची परीक्षा घेत होतो." खरी खोड मात्र वेगळीच. रकमेपुढे एक तिरकी आणि एक आडवी रेघ ओढायची, चेकवर ओढतात तशी. "मोकळी जागा दिसली की कोणी शून्य चिकटवील, वहिनी." कॉम्प्युटरात शिरून शून्य चिकटवायला कोण येणार, देव जाणे. बाकीच्यांच्या वेळी कंटाळा करायचे. मी घरची, माझ्यावर कोणी बोट ठेवू नये, म्हणून माझ्या हप्त्यांना न चुकता रेघा.

कोकम सरबताच्या भांड्यांसाठी मी गटाकडून दहा हजार घेतले होते. हजाराचे नऊ हप्ते फेडले. तरी सभेत भावोजींनी वाचलं, "वहिनींची बाकी, दहा हजार." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला चारचौघांत तोंड उघडवत नाही. पावत्या मांडीवरच्या पिशवीतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पावत्या घेऊन त्यांच्या ओटीवर गेले. "पावत्या बरोबर, आकडे बरोबर, सूत्रही बरोबर," म्हणत त्यांनी कॉम्प्युटर तीनदा बंद करून चालू केला. मी पडद्याकडे बघत होते.

"भावोजी, बाकीच्यांचे आकडे उजव्या कडेला आहेत. माझेच डावीकडे का, नावांसारखे?"

"वहिनी, तुम्ही चौथी शिकलेल्या."

"म्हणून तर विचारत्ये. एकाच्या रेघा पुसून बघा."

पुसल्या. आकडा टुणकन उजवीकडे गेला आणि बाकी नऊ हजार झाली. त्या रेघांपायी मशीन माझ्या पैशांना अक्षरं समजत होतं. भावोजी एकेक रेघ पुसत गेले.

पुढच्या सभेत खाऱ्या वाऱ्यावर ढकलतील असं वाटलं होतं. उभे राहून म्हणाले, "चूक माझी. वहिनींनी पकडली." मला त्यांच्याकडे बघवेना.

परवा शेवटचा हप्ता दिला. हजार टाइप करून त्यांचं बोट सवयीने रेघेकडे गेलं, थांबलं, मागे आलं. बाकी शून्य झाली.

"फिटलं, वहिनी."

पावतीवर मात्र पेनाने दोन्ही रेघा ठसठशीत ओढल्या. मी ओढू दिल्या.