शांतीच्या बागेतला बांध

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जमीन होती ती फक्त तुळशीच्या कुंडीतली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा घोळ तुम्हाला तरी समजेल. मला तो अजून समजलेला नाही.

पुण्याच्या पेठेतून उचलून मला रहाटणीच्या वाटेवरच्या एका वस्तीत गुरुजी म्हणून टाकलं, तेव्हा पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती नुकत्या कुठं उठायला लागल्या होत्या. त्याआधी शाळा देवळात भरायची आणि पाढ्यांच्या मध्ये आरती व्हायची. मग दोघा सख्ख्या भावांनी आपापल्या रानाचा एकेक कोपरा शाळेला दिला. थोरल्यानं दिला म्हणून धाकट्यानं दिला, एवढंच. कागद नाही, नुसता शब्द. दोघांत अबोला असा कडक, की त्यांच्या म्हशीसुद्धा एकमेकींकडे पाठ करून रवंथ करायच्या.

भांडण होतं बांधाचं. तो बांध शाळेच्या अंगणातून साप गेल्यासारखा वळणं घेत जायचा. शाळा होण्याआधी दोघांनी नांगरताना दोन्हीकडून तो इतका कोरला होता, की वस्तऱ्याच्या पात्याएवढा उरला होता. मुंगी त्यावरून जाताना तोल सावरायची. मी स्वतः पाहिलंय.

तपासणीला आलेले शाळाखात्याचे दिपोटी साहेब जाताना म्हणाले, "गुरुजी, पोरं फार भांडतात. सगळ्यांकडून मिळून एक शांतीची बाग करून घ्या. पुढच्या खेपेला बघतो."

मी लगेच मुलांना खुरपी, घमेली घेऊन उभं केलं. "आधी जमीन सपाट करा!"

थोरल्याची लेक म्हणाली, "गुरुजी, बांध पण?"

"सगळं सपाट!"

"बांधाला हात लावत न्हाईत, गुरुजी."

"शांतीच्या बागेत बांध कशाला?" मी छाती काढून विचारलं. एरवी तिच्याकडे पाठ करून बसणारा धाकट्याचा लेक पुढं झाला आणि म्हणाला, "गुरुजींनी सांगितलंय. आपल्यावर न्हाई येणार." मग दोघांनी मिळून पहिलं घमेलं भरलं. माझा ऊर भरून आला. दुपारपर्यंत अंगण तव्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झेंडूची रोपं मांडत होतो, तर एका बाजूनं थोरला आला, दुसऱ्या बाजूनं धाकटा. दोघंही माझ्याशीच बोलत होते.

"गुरुजी, माझी जागा मला परत पायजे. बांध मोडलासा!"

"गुरुजी, माझीबी. पोरं न्या परत देवळात."

माझ्या पायाखालचं अंगण सरकलं. मी म्हणालो, "घ्या परत. पण कुठपर्यंत कुणाची, ते दाखवा."

थोरल्यानं काठीनं रेघ ओढली. धाकटा आकाशाकडे बघत म्हणाला, "गुरुजी, त्यांना सांगा, तिथं बाभूळ व्हती. बांध तिला वळसा घालून जायचा."

"गुरुजी, त्याला सांगा, बाभूळ अलीकडं व्हती."

"अलीकडं?" धाकटा एकदम वळला. "दादा, त्या बाभळीवरनं तू पडला व्हतास! मी उचलून न्हेलं तुला!"

"पाठीवर न्हेलंस, लेका, आन् वाटंत दोनदा आपटलंस!"

मुलं बघताहेत, मी बघतोय. दोघांनाही उशिरा कळलं की आपण बोललो. आता तरी मिठी मारतील म्हणून मी रोपं खाली ठेवली. पण छे! त्यांनी फावडी मागवली आणि दिवसभर कचाकचा भांडत तो बांध परत घातला. वळण इथं न्हाई, तिथं. अरं, तू कुठं बघितलंस, तू गुरं वळत व्हतास. उद्या कोरला म्हणून बोल नको लागायला, म्हणून थोरल्यानं आपल्या बाजूनं हातभर जास्त माती ओढली. ते बघून धाकट्यानं दीड हात ओढली. संध्याकाळी उठला तो बांध नव्हता, किल्ल्याचा तट होता.

"मग जागा?" मी भीत भीत विचारलं.

"ऱ्हाऊ द्या शाळा," थोरला घाम पुसत म्हणाला. "पर बांधाला हात लावायचा न्हाई."

"व्हय," धाकटा म्हणाला. "दादा म्हणतोय तसं."

झेंडू आम्ही बांधावरच लावला, कारण दुसरी भुसभुशीत माती कुठं उरलीच नव्हती. तो असा फोफावला, की चिंचवडला उतरणारी माणसं वासावरून चिंचवड आलं समजून आधीच देहूरोडला गाडीतून उतरायची.

दिपोटी साहेब परत आले. शांतीच्या बागेत मधोमध तट, तटावर झेंडू, आणि झेंडूत थोरल्याची लेक नि धाकट्याचा लेक एकाच पाटीवर गणित करत बसलेले.

"गुरुजी, हा बांध का नाही काढला?"

"काढला होता, साहेब."

"मग?"

मी बांधावरची थोडी जागा हातानं झटकली. शांती तो मोडल्यामुळे झाली की घातल्यामुळे, हे मला सांगता येईना. शेवटी म्हणालो, "साहेब, वर बसून बघा. दोघांना पुरेल एवढी जागा आहे."