पोस्टरचा निळा

निळ्या शाईत नखाएवढी लाल पडली की निळा मेला. हे मला कोणी शिकवलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, मग लग्न, आणि लग्नानंतर शेवगावात नवऱ्याच्या छापखान्यात जी उभी राहिले ती वीस वर्षं. पायाने चालवायचं मशीन होतं. तो अक्षरांचे खिळे जुळवायचा, मी शाई कालवायची. काचेवर शाई घ्यायची, पातळ सुरीने घोळायची, कागदाच्या कपट्यावर अंगठ्याने ओढायची आणि दारात उन्हात नेऊन बघायची. पटली नाही तर पुन्हा. गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, चालतंय की. मी म्हणायची, तुम्हाला चालतंय, मला नाही.

नवरा वारला. मशीन भंगारात गेलं. मुलगी नगरला कॉम्प्युटरचा क्लास करून आली आणि मशीनच्या जागी टेबल आलं. लग्नपत्रिका, हँडबिलं ती इथे जुळवायची आणि छपाई नगरला ऑफसेटवर व्हायची. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मला छापखान्यात काम उरलं नव्हतं आणि घरात बसवत नव्हतं. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहायची. पाच मिनिटांनी दारात, दारातून परत खुर्चीमागे. ती म्हणायची, "आये, मानेवर श्वास नको सोडू. जा, कुनाच्या तरी घरी बस जा."

त्या साली जयंतीच्या पोस्टरचं काम पहिल्यांदा आमच्याकडे आलं. तोवर कमिटी ते बाजारातल्या एका प्रेसला द्यायची. आदल्या साली त्या प्रेसने निळ्याचा जांभळा करून दिला होता. पोस्टर भिंतींवर लागली आणि चौकातली पोरं आमच्या पोरांना विचारायला लागली, "वांगी कशी किलो दिली?" आमच्या वस्तीत जन्मल्याशिवाय तो निळा काय आहे हे कळायचं नाही. तो आम्ही आवडला म्हणून घेतलेला नाही. बाकीचे रंग आम्ही सोडून आलो.

कमिटीचा अध्यक्ष माझा चुलतदीर. मजकुराचा कागद टेबलावर ठेवून तो म्हणाला, "वहिनी, पोरगी आपली म्हणून काम दिलंय. कमिटीत निम्मे नको म्हनत हुते. निळा निळाच आला पायजे. न्हाईतर पुढल्या सालापासनं काम परत बाजारात, आन मला कुनी काय इचारायचं न्हाई."

"आनि आला तर?" मुलीने विचारलं.

"आला तर आला. त्याचं काय कौतुक?"

तो गेल्यावर मी विहारातून झेंड्याच्या कापडाचा तुकडा मागून आणला. पोस्टरची सगळी जमीन निळी, मधोमध फोटो, खाली कार्यक्रम. मुलीने निळा भरला. मी कापड कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी धरलं. पडद्यावरचा निळा भडक होता, डोळ्यांत घुसणारा.

"ह्यो न्हाई," मी म्हटलं.

तिने दुसरा भरला, तिसरा भरला. दुपार झाली. पडद्याखाली चार बटणं होती, त्यांनी उजेड कमीजास्त व्हायचा, लाल-हिरवा-निळा खालीवर व्हायचा. ती पाणी प्यायला उठली आणि मी बटणं दाबायला लागले. शाई कालवल्यासारखंच वाटलं मला. लाल थोडा काढला, उजेड उतरवला, निळा चढवला. मला वीस वर्षांत अशी सोपी शाई मिळाली नव्हती. ती परत आली तेव्हा कापड कुठे संपतं आणि पडदा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

"आये, जमलं की तुला," ती म्हणाली.

मी फुशारले. ते लिहायला हवं.

नगरच्या ऑफसेटवाल्याने सांगून ठेवलं होतं की फाइल पीडीएफ करून आणा. नुसती फाइल नेली तर त्याच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं फुटायची, काना एकीकडे, वेलांटी तिसरीकडे. पीडीएफ केली की सगळं गोठतं, कोणी हलवू शकत नाही. पीडीएफ करताना कॉम्प्युटरने तिला विचारलं की रंग पडद्याचे ठेवू की छपाईचे करू. पडद्यावर तर कापड तंतोतंत उतरलेलं. तिने पडद्याचेच ठेवले. फ्लॉपीत मावेना म्हणून क्लासच्या सरांकडून सीडी लिहून आणली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही निघालो. करंजीच्या घाटात सगळी गाडी डुलक्या घेत होती. मी पिशवीतली सीडी दहादा चाचपली.

ऑफसेटवाल्याने फिल्म काढली, प्लेटा केल्या, मशीन लावलं. पहिले कागद बाहेर पडले. मी एक उचलून दारात नेला.

वांगं.

"मालक, ह्यात लाल हाय," मी म्हटलं.

"बाई, तुमच्या फाइलीत जे हाय ते आलंय."

"आमच्या फाइलीत असला न्हाई."

"या, दाखवतो." त्याने आमची पीडीएफ आपल्या पडद्यावर उघडली. तिथे तोच भडक, डोळ्यांत घुसणारा निळा होता, जो मी पहिल्यांदा नको म्हटला होता. मुलगी पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मला हळूहळू उलगडलं. मी बटणं दाबली ती पडद्याच्या काचेची. फाइलीतला रंग होता तिथेच होता. शाई तशीच आणि मी चष्मा बदलला होता.

मी म्हटलं, "मशीनला लाल कमी सोडा."

"बगा हं," म्हणून त्याने लाल उतरवला. निळा सुधारला. पण मधल्या फोटोतला लालही गेला आणि चेहरा पिवळट हिरवा पडला. ज्यांची जयंती त्यांनाच कावीळ. मी तो कागद उलटा करून ठेवला. कोणाला दिसायला नको.

"फाइलीतच बदलावं लागंल," तो म्हणाला. "फिल्म परत काढू. पन पाचला दुसऱ्याचं काम मशीनवर चढतंय. तवर हुईल ते हुईल."

मुलीने कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून वस्तीत फोन केला की पहिले कागद बिघडले, संध्याकाळची गाडी होईल. परत आली तेव्हा तोंड उतरलेलं होतं. ऑफसेटवाला तिला बोलत होता, "ताई, क्लासात एवढं तरी शिकवतात का न्हाई? पडदा उजेडाचा, कागद शाईचा. उजेडाचा निळा शाईत बसत न्हाई, जांभळाच हुतो." ती मान खाली घालून ऐकत होती. बटणं मी दाबली हे तिने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्याने तिला एक छोटी फाइल दिली. "हे आमच्या मशीनचं प्रोफाइल. पीडीएफ करताना हे लावायचं. कंचा कागद, किती शाई पितो, सगळं ह्यात हाय. मशीनची कुंडलीच समजा."

"आमच्यात कुंडली बगत न्हाईत," मी म्हटलं. "सरळ सांगा."

तो हसला. "मग दवाखान्याचा केसपेपर समजा."

तो कळला. मग त्याने एक मळकं पुस्तक काढलं. पानापानांवर छापलेले चौकोन, प्रत्येकाखाली कुठला रंग किती टक्के ते आकडे. ते माझ्या कामाचं होतं. मी पुस्तक आणि कापड घेऊन दारात बसले. एक चौकोन, दुसरा चौकोन. ऊन सरकत होतं तशी मी सरकत होते. बसून पाय आखडले म्हणून उभी राहिले, उभी राहवेना म्हणून बसले. शेवटी एकावर बोट ठेवलं. शंभर निळा, साठ लाल, थोडा काळा. ऑफसेटची निळी शाई मुळात आकाशी, बेताचा लाल घातल्याशिवाय तिचा आपला निळा होत नाही.

तिने आकडे भरले आणि थांबली. "आये, हा तर पडद्यावर मेल्यागत दिसतोय."

"काचंकडं बगू नको."

"आन परत चुकलं तर?"

"तर कागदावर चुकंल. कागदावर चुकलेलं मला दिसतं."

तिने छपाईचे रंग निवडले, ते प्रोफाइल लावलं, पीडीएफ केली. फिल्म निघेपर्यंत मी दारापासून मशीनपर्यंत किती फेऱ्या मारल्या माहीत नाही. ऑफसेटवाला म्हणाला, "मावशी, बसा, न्हाईतर तुमालाच मशीनला जुंपतो." चार वाजून गेल्यावर पहिला कागद पडला. दारात नेला. वर कापड ठेवलं. कापडाची झळाळी नव्हती. ती कागदाला येत नाही, मी आयुष्यभर बघितलंय. पण निळा होता. फोटोतला चेहराही माणसाचा होता.

"छापा," मी म्हटलं.

संध्याकाळी गाडीतून गठ्ठे उतरवले तेव्हा दीर स्टँडवरच उभा होता. हातात विडी, सोबत कमिटीतले दोघे. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पोरीनं पयला लॉट बिघडवला म्हनं. तरी लोक मला सांगत हुते."

मुलगी गठ्ठ्याची सुतळी सोडवत होती. मान वर केली नाही.

"पोरीनं न्हाई, भावजी," मी म्हटलं. "मी बिघडवला. बटनं मी दाबली. तिला न इचारता."

त्याने आता माझ्याकडे बघितलं. मग वरचा कागद काढला, स्टँडच्या छपराबाहेर नेला, उरलेल्या उजेडात धरला. लांब धरला, जवळ धरला. सोबतच्या दोघांना दाखवला. त्यांतला एक म्हणाला, "बरा हाय की."

दिराने कागद पुन्हा गठ्ठ्यावर ठेवला आणि मुलीला म्हणाला, "पुढल्या साली ह्या बाईला कॉम्प्युटरजवळ येऊ देऊ नको."

"दारात बसवते," ती म्हणाली. "पुस्तक देऊन."